काळभोर बाई नक्की कुणाच्या बाजूच्या

शनिवार पेठेत त्या वर्षी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि पाहिलेली कुणीच नव्हती. शाळेत फुटबॉल शिकवणाऱ्या काळभोर बाई फितूर आहेत, मॅचला समोर असलेल्या शाळेकडून पाकीट घेतात आणि आपल्या पोरांचे डाव तिकडे सांगतात. इस्त्रीवाल्याच्या मते पाकीट पांढरं होतं. दूधवाल्याने ते खाकी असल्याचं सांगितलं आणि वर ‘मला काय करायचंय’ असंही म्हणाला, म्हणजे बातमी पक्की. शाळेचा शिपाई दत्तोबा पाकिटाबद्दल एक अक्षर बोलत नसे. तो फक्त बाईंच्या स्कूटीकडे बघायचा, हनुवटी खाजवायचा आणि म्हणायचा, “मी कुणाचं नाव घेत नाही. पण सीट नवीन दिसतंय.”

तर पाकीट नव्हतं. डबा होता. आणि सीट जुनंच होतं, त्यावरचं कव्हर नवीन होतं, कारण आधीचं कव्हर लोणी काळभोर गावच्या घरी उंदरांनी खाल्लं होतं.

डब्याचं असं, की मॅच सुरू झाली की बाई आपल्या पोरांच्या बाजूला उभ्याच राहत नसत. शिट्टी वाजली की ओढणी कमरेला बांधायची, मैदानाला वळसा घालायचा आणि थेट समोरच्या शाळेच्या पालकांत जाऊन उभं राहायचं. तिथे कुणाची तरी आई डबा उघडायची. बाई त्यातली चकली घ्यायच्या, “छान खुसखुशीत झाल्यात हो” म्हणायच्या आणि गप्प राहायच्या. पुढचं काम त्या आया करायच्या. आमच्या ओंकारचा गुडघा परवापासून दुखतोय, पण सर म्हणाले, खेळच. आमच्या ह्याला डाव्या पायाने मारताच येत नाही, लहानपणी पोलिओच्या डोसाला पण रडला होता. बाई आणखी एक चकली घ्यायच्या. हाफ टाइमला परत यायच्या आणि आपल्या पोरांना एवढंच सांगायच्या, की सात नंबरच्या डाव्या बाजूने पळा, तो वळत नाही.

हे पोरांना माहीत होतं. पण पोरांना जे माहीत असतं ते पेठेत कुणी विचारत नाही. पेठेला दिसायचं ते एवढंच, की आपल्या बाई तिकडे उभ्या राहून तिकडचं खातात आणि हसतात.

सगळ्यात जास्त दिसायचं ते दीनानाथ आगाशे यांना.

दीनानाथराव टपाल खात्यात तक्रार विभागात होते. दिवसभर लोकांची हरवलेली पार्सलं ऐकायची आणि त्यातली निम्मी पाठवलीच नव्हती हे सिद्ध करायचं, असं त्यांचं काम. शाळेच्या पालक संघाने त्यांना प्रतिनिधी केलं होतं, त्यामुळे शाळा समितीत त्यांची एक खुर्ची होती. मुलगा माधव दहावीत, शाळेच्या संघाचा गोलकीपर. दीनानाथरावांच्या मनात काय चाललंय हे शोधावं लागत नाही. ते मोठ्याने विचार करतात. गॅलरीत उभे राहून, चष्मा पुसत पुसत, खालच्या बोळाला उद्देशून. “मला कुणाचाही संशय नाही,” असं ते म्हणायचे. “फक्त विश्वास नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.”

आणि बाईंच्या बाबतीत हा फरक त्यांना फार जपावा लागे.

कारण काळभोर बाईंची नेमणूकच तात्पुरती. पहिलं सत्र संपत आलं की समिती बसायची आणि बाईंना पुढे ठेवायचं की नाही ते ठरवायची. तीन वर्षं ठेवलं होतं. या वर्षी गुरुवारी जिल्ह्याच्या स्पर्धेची सेमीफायनल होती आणि शनिवारी समिती. म्हणजे गुरुवारी काय होतं त्यावर शनिवारचं ठरणार, हे मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंपासून दत्तोबापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. काळभोर बाईंना दुसरी नोकरी नव्हती. लोणीला आई मथुराबाई, थोडा ऊस आणि ‘मास्तरीण झालीस तर शेजारच्याच शाळेत का नाही झालीस’ हा रोजचा प्रश्न. तिकडे तोंड दाखवायला त्यांना ही नोकरी हवी होती.

मुळात त्या खो-खोच्या. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात त्यांच्या तुकडीत मुलीच अकरा होत्या, त्यामुळे फुटबॉलची टीम करताना निवड वगैरे काही झालीच नाही, सगळ्यांना उतरावं लागलं. त्या सांगायच्या, की पहिल्या मॅचला नऊ गोल खाल्ले आणि नववा गोल खाईपर्यंत ऑफसाइड म्हणजे काय ते कळलं. वर्गात त्यांचं मराठी अगदी छापील असे. मैदानावर पोराने पास चुकवला की लोणी काळभोर बाहेर यायचं. “आरं, त्यो रिकामा हाय की. डोळं घरी ठिवून आलाईस का?” आणि लगेच घसा साफ करून, “म्हणजे, पास देण्याआधी मान वर करून बघावं.”

शाळेला पटांगण आहे. म्हणजे शिक्षकांच्या दुचाक्या लावून जे उरतं ते. म्हणून सराव नदीकाठच्या मैदानावर, सकाळी सहाला. बाई लोणीहून सोलापूर रस्त्याने ट्रकांच्या रांगेतून यायच्या आणि आल्या आल्या प्रत्येकाला विचारायच्या, “काय खाल्लंस?” कसा आहेस, झोप झाली का, असलं काही नाही. पोरगं ‘पोहे’ म्हणालं की, “कुणी केले?” पोरगं गडबडलं, की उपाशी आलंय हे पक्कं. मग स्कूटीच्या डिकीतून केळं.

त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता, हे पेठेला कधी कळलंच नाही. नाहीतर पेठेला त्या फार आवडल्या असत्या. कुणी लंगडत आलं तर बाई काही बोलत नसत. तसंच बसवायच्या. दुसऱ्या दिवशी बघायच्या, काल ज्या पायाने लंगडत होता त्याच पायाने आज लंगडतोय का. बरीच पोरं पाय बदलत. ताप आलाय असा निरोप आला तर त्या संध्याकाळी स्वतः बघायला जायच्या, हातात मोसंबी घेऊन. तापवाल्याला मोसंबी मिळायची. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी मैदानाच्या फेऱ्या.

मॅचच्या दिवशी नवीन काही शिकवायचं नाही. मॅच चालू असताना बाहेरून ओरडायचं नाही, कारण पोरगं चेंडूकडे बघायचं सोडून आपल्याकडे बघतं. हरलं त्या दिवशी बोलायचं नाही. दर बुधवारी राखीव पोरांना मुख्य संघात घालायचं आणि मुख्य पोरांना बाहेर बसवायचं, म्हणजे कुणाची खुर्ची कुणाच्या बापाची नाही हे दोघांना कळतं. आणि मॅचच्या आदल्या दिवशी जो सरावाला नाही, तो दुसऱ्या दिवशी मैदानात नाही. मग तो कुणीही असो. हा शेवटचा नियम त्या दर महिन्याला एकदा म्हणून दाखवायच्या, आणि म्हणताना एकेकाकडे असं बघायच्या, की जणू त्याने तो मोडून झालाय आणि फक्त कबूल करायचं बाकी आहे.

तर सेमीफायनलच्या आधीच्या आठवड्यात दीनानाथरावांनी एक मॅच स्वतः बघितली. बाई पलीकडे गेल्या. एका बाईने त्यांना लाडू दिला. बाई हसल्या. आणि तेवढ्यात तिकडच्या पोरांनी गोल केला. लाडू आणि गोल यांच्यामध्ये, दीनानाथरावांच्या मते, श्वास घ्यायलाही वेळ गेला नाही. आपली शाळा शेवटी ती मॅच जिंकली, याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. चोर एखाद दिवशी चोरी करत नाही म्हणून काय झालं, असं त्यांनी त्या संध्याकाळी बोळाला सांगितलं.

मग त्यांनी सापळा लावला.

तक्रार विभागात ही त्यांची खास पद्धत होती. एखाद्या खिडकीवर संशय आला की तिथूनच एक खूण केलेलं पार्सल सोडायचं आणि ते कुठे उगवतं बघायचं. इथे पार्सल म्हणजे बातमी. एकच खोटी बातमी फक्त बाईंना द्यायची. ती कोथरूडच्या शाळेपर्यंत पोचली, तर दुसरा कुणी सांगणारा नाहीच. सेमीफायनल कोथरूडच्या एका शाळेशी होती, आणि कोथरूड म्हणजे दीनानाथरावांच्या हिशेबात नदीपलीकडचा परका मुलूख होता.

बातमी ठरली, माधवला ताप आहे. माधव ‘अहो बाबा, पण’ एवढंच म्हणाला आणि त्याला आतल्या खोलीत बसवण्यात आलं. त्याच्या आईला, सरोजिनीबाईंना, हे पटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, खोटा ताप आणला की खरा येतो. दीनानाथराव म्हणाले, वैद्यकशास्त्रात असं कुठेही नाही. आणि बुधवारी पहाटे, सरावाच्या आधी, त्यांनी बाईंना फोन लावला.

“नमस्कार, मी आगाशे. माधवला ताप आहे. उद्या तो खेळू शकणार नाही. ही गोष्ट मी फक्त आपल्याला सांगतो आहे.”

“अरे बापरे. किती आहे?”

“एकशे दोन.”

“काय खाल्लंय?”

“रात्री मऊ भात.”

“जरा बोलू का त्याच्याशी?”

“झोपलाय तो.”

पलीकडे काही क्षण नुसते ट्रक ऐकू आले. मग बाई म्हणाल्या, “बरं.” त्या ‘बरं’मध्ये सहानुभूती अजिबात नव्हती, हे दीनानाथरावांच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं, आनंद लपवतेय.

आता ताप खरा वाटायचा तर घरात ताप असल्यासारखं वागायला हवं. गॅलरीतलं दार लोटून घेतलं. सरोजिनीबाईंनी, नवऱ्याने सांगितलं म्हणून, टीव्ही बंद ठेवला. आणि आगाश्यांचा टीव्ही संध्याकाळी साडेसहाला बंद, हे कळायला पेठेत किती वेळ लागतो? खालच्या मजल्यावरच्या पद्मजाताई पंधरा पायऱ्या चढून वर आल्या, हातात काढ्याचं भांडं. सरोजिनीबाईंनी दारातच सांगितलं, माधवला जरा कणकण आहे. पद्मजाताईंनी विचारलं, मग उद्याची मॅच? सरोजिनीबाई म्हणाल्या, कसली मॅच. पद्मजाताईंनी काढा दिला, माधवने तो कडू काढा बापाच्या डोळ्यांसमोर शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, आणि पद्मजाताई खाली गेल्या. दीनानाथरावांनी ही भेट मोजलीच नाही. शेजारीण म्हणजे काय बाहेरचं माणूस थोडंच असतं.

त्यांना एवढं आठवलं नाही, की कोथरूड परका मुलूख असला तरी तिथली निम्मी माणसं पेठांतूनच गेलेली आहेत. भाऊ गेले, दीर गेले, लग्न करून बहिणी गेल्या. आणि मागे राहिलेल्यांचा त्यांना रोज फोन असतो.

गुरुवारी मॅचला दीनानाथराव माधवला घेऊन उशिरानेच पोचले. मुद्दाम. माधवच्या अंगावर गोलकीपरचा पिवळा शर्ट, त्यावर वडिलांचा रेनकोट, खूण केलेलं पार्सल झाकल्यासारखा. फाटकातून आत येतात न येतात तोच कोथरूडचे एक पालक, छत्री मिटत, सौजन्याने म्हणाले, “तुमच्या गोलकीपरला ताप आहे म्हणे? हवाच तशी आहे हो सध्या.”

दीनानाथरावांचा चेहरा उजळला. तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या लवकर कुठलं पार्सल उगवलं नव्हतं. ते त्या गृहस्थांना मनापासून ‘धन्यवाद’ म्हणाले. ते गृहस्थ छत्रीकडे बघत राहिले.

इकडे बाई पोरांच्या बुटांच्या नाड्या तपासत होत्या. गोलकीपरचे हातमोजे बजरंगच्या हातात होते. बजरंग शितोळे राखीव गोलकीपर. बुधवारी तो मुख्य संघात खेळायचा आणि बाकीचे दिवस गोलच्या मागे चेंडू आणायला पळायचा. दीनानाथराव जवळ आले, माधवचा रेनकोट काढला आणि म्हणाले, की माधव आता बरा आहे, त्याला उतरवा.

“नाही,” बाई म्हणाल्या. “कालच्या सरावाला नव्हता तो. आणि काल एकशे दोन असलेलं पोर मी आज चिखलात उभं करत नाही.”

अकरा पोरं नाड्या बांधायच्या थांबली. दीनानाथरावांना आता कळलं, की माधवला मैदानात घालायचं तर ताप खोटा होता हे इथे, सगळ्यांसमोर सांगावं लागेल. दुसरा माणूस असता तर चुळबुळला असता. दीनानाथरावांनी चष्मा पुसला.

“ताप नव्हता,” ते म्हणाले. “ती आपली परीक्षा होती. मी एक खोटी बातमी फक्त आपल्याला सांगितली, आणि आत्ता फाटकापाशी ती कोथरूडच्या माणसाने मला सांगितली. आता आपणच सांगा, बाई, ती नदी ओलांडून कशी गेली?”

पोरांना वाटलं, आता बाई रडतील, नाहीतर चिडतील. बाई हसल्या. पण चकली खातानाचं हसू नव्हतं ते.

“मीच इचारणार व्हते तुमाला,” त्या म्हणाल्या. मग घसा साफ करून, “म्हणजे, मलाही तेच विचारायचं होतं. काल संध्याकाळी मी मोसंबी घेऊन तुमच्या बोळात आले होते. वर बघते तर एकशे दोन तापाचं पोरगं आत भिंतीवर चेंडू मारताना गॅलरीच्या दाराच्या फटीतून दिसतंय. मी वर आले नाही. म्हटलं, बापच पोराला मॅचच्या आदल्या दिवशी खोटा आजारी पाडतोय, म्हणजे बापाला मॅच हरायची आहे. आता कोथरूडला पण माहीत आहे म्हणता. आगाशे, काय देतायत ते तुम्हाला?”

दीनानाथरावांना आजवर पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही म्हटलं होतं. पाकीट घेतो असं कुणी म्हटलं नव्हतं. ते फक्त “मला?” एवढं म्हणाले. आवाज बराच वर गेला होता. बाई म्हणाल्या, मग मला तरी का देतील? दोघं एकमेकांकडे असे बघत राहिले, जणू एका खिडकीवरच्या दोन तपासनिसांना एकमेकांच्या खिशात काहीतरी दिसलंय. माधव मधे उभा होता. तो “बाई, मी काय म्हणतो” असं दोनदा म्हणाला, आणि दोनदा दोघांनीही त्याला एकदमच गप्प केलं.

आणि तेवढ्यात पाण्याची बाटली आणि फोल्डिंग स्टूल घेऊन पद्मजाताई आल्या.

“अय्या, माधव. उतरला का रे ताप? बघितलंत दीनानाथराव, काढा. मी काल रात्रीच ताईला फोनवर म्हटलं, सकाळपर्यंत उतरतोच. तिचा यज्ञेश्वर खेळतो ना त्या कोथरूडच्या टीममध्ये, तो फोनवर मागून ओरडत होता, विचार विचार, गोलला कोण आहे मग. मी म्हटलं, अरे मला काय कळतं त्यातलं, तो भाजीवाल्या शितोळ्यांचा मुलगा असेल.” मग दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून, “का हो, काही झालं का?”

पद्मजाताईंनी स्टूल उघडलं आणि विचारपूर्वक ते मधल्या रेषेवर मांडलं. भाचा तिकडे, शेजार इकडे.

पंचांनी शिट्टी दिली. दीनानाथराव हळूच म्हणाले, “आता सगळा उलगडा झालाच आहे, तर माधव…”

“नियम नियम हाय,” बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी घसा साफ केला नाही. बजरंग मैदानात गेला.

मॅचचं सांगायचं तर कोथरूडने ठरवून आल्यासारखे लांबून फटके मारले, नवा गोलकीपर आहे म्हणून. बजरंगने पहिले दोन अडवले. तिसरा चिखलात टप्पा पडून त्याच्या हाताखालून गेला. दीनानाथरावांनी डोळे मिटले. माधव बाजूला बसून दातांनी रेनकोटची दोरी चावत होता. आणि बाई नेहमीप्रमाणे ओढणी कमरेला बांधून पलीकडे गेल्या, कोथरूडच्या पालकांत. कुणीतरी डबा पुढे केला. दीनानाथराव इकडून बघत होते, आणि त्यांना पहिल्यांदाच दिसलं, की बाई खातात कमी आणि मान वळवतात जास्त. जो बोलेल त्याच्याकडे.

हाफ टाइमला बाई आल्या, म्हणाल्या, यज्ञेश्वरला वडिलांनी कालच नवीन बूट घेतलेत, त्याच्या टाचेला फोड आलेत, त्याच्या अंगावर पळा. पोरं पळाली. शेवटच्या काही मिनिटांत बरोबरीचा गोल झाला. मग पेनल्टी किक.

त्या स्पर्धेत पेनल्टीसाठी गोलकीपर बदलता येत असे. हे पंचांनी सांगायची गरज नव्हती, सगळ्यांना माहीत होतं, आणि माधव पेनल्टी अडवण्यात शाळेत नव्हे, जिल्ह्यात चांगला होता. तो उभा राहिला. मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई, ज्या फुटबॉल बघायला आयुष्यात पहिल्यांदाच आल्या होत्या, त्यांनीसुद्धा विचारलं, “काळभोर, तो पिवळा शर्टवाला नाही का घालता येणार?” शनिवार परवावर होता. बाईंनी माधवकडे बघितलं. मग म्हणाल्या, “खाली बस.”

शाळा हरली. बजरंगने एक अडवला, चार गेले.

हरलं त्या दिवशी बोलायचं नाही, त्याप्रमाणे बाई काही बोलल्या नाहीत. बजरंगला केळं दिलं, माधवलाही दिलं. स्कूटीला किक मारली, ती तिसऱ्यांदा लागली. दीनानाथराव फाटकापाशी उभे होते. त्यांनी नमस्कार केला की नाही यावर दोन मतं आहेत. हात वर गेला होता हे नक्की, पण तो चष्म्यापर्यंत जाऊन थांबला.

शुक्रवारी सकाळी सरावाला सगळे आले. बाईंनी विचारलं, काय खाल्लंत, आणि मग मॅचबद्दल बोलल्या. बजरंगला म्हणाल्या, की लांबचा फटका चिखलात अंगाने अडवायचा असतो, हाताने नाही, आणि हे मी तुला शिकवलं नव्हतं, म्हणजे तो गोल माझा. माधवला म्हणाल्या, पुढच्या वेळी बापाला म्हणावं, मला ताप आणू नका. माधव म्हणाला, सांगून बघितलं होतं, बाई. त्या म्हणाल्या, मग सकाळी पळून यायचं सरावाला, मी काय बापाला घाबरते? पण शनिवारबद्दल त्या काही बोलेनात. शेवटी नाड्या सोडताना संघातल्या एकाने, म्हणजे हे लिहिणाऱ्यानेच, विषय काढला. हरलेली मॅच, बाहेर बसवलेला गोलकीपर आणि तो गोलकीपर ज्यांचा, ते गृहस्थ समितीत. बाई, उद्या तुम्हाला काढणार.

“न्हाई काढत,” बाई म्हणाल्या. “लाव पैज.”

पैज लावली. का नाही काढणार, असं विचारल्यावर त्या हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाल्या, “आगाशे माझ्यावर संशय घेतात न्हवं? मग ते मला कशाला सोडतील? ज्याच्यावर डोळा ठेवायचाय त्याला कुणी नजरेआड करत असतंय का?”

शनिवारी समिती बसली. दार बंद होतं, पण दत्तोबा चहा घेऊन आत गेला होता आणि कप गोळा करायला त्याने पुष्कळ वेळ घेतला. त्याने नंतर एकेकाचा आवाज काढून सांगितलं, हनुवटी खाजवण्यासकट. मंदाकिनीबाई म्हणाल्या, की निकाल समाधानकारक नाही. एक सभासद पाकिटाचं म्हणाले. मग सगळे दीनानाथरावांकडे वळले.

दीनानाथरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “मला या बाईंचा भरवसा अजूनही वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवतो. परंतु परवा मी सर्वांसमोर खोटं कबूल केलं, तरी त्यांनी माझ्या मुलाला खेळवलं नाही. स्वतःची नोकरी जात असताना खेळवलं नाही. हे माणूस पाकीट घेत असेल, तर देणाऱ्याचे पैसे बुडाले असं समजा.” मग चष्मा लावून, “शिवाय त्या गेल्या तर दुसरं कुणीतरी येईल. त्याची सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून. त्यापेक्षा यांना एक वर्ष ठेवा. मी स्वतः लक्ष ठेवीन.”

बाईंना एक वर्ष मिळालं. दीनानाथराव त्या दिवसापासून सकाळी सहाला मैदानावर यायला लागले, लक्ष ठेवायला, आणि दुसऱ्याच आठवड्यात बाईंनी त्यांना लिंबं कापायला बसवलं. रिकामा पालक शिकवायला लागतो, म्हणून त्याच्या हाताला काम द्यावं, असं त्यांचं म्हणणं.

आणि पैजेप्रमाणे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सगळ्या फुटबॉलमध्ये हातपंपाने हवा भरायचं काम हे लिहिणाऱ्याकडे आलं. बाई प्रत्येक चेंडू अंगठ्याने दाबून बघायच्या, कानाशी धरून गळतोय का ऐकायच्या, आणि त्यातले निम्मे परत द्यायच्या.